झग्यातला नट

सर ॲलेक गिनेस (१९१४–२०००) या ब्रिटिश नटाचा चेहरा चटकन आठवत नाही. आठवतात ती त्यांनी वठविलेली माणसे. ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या चित्रपटात त्यांनी एकाच घराण्यातील आठ व्यक्ती रंगविल्या. स्वतःस पुसून टाकणे, हेच त्यांचे सामर्थ्य होय.

मात्र वेष म्हणजे माणूस नव्हे. ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) मधील त्यांचे प्राध्यापक गोडबोले मराठी आडनाव धारण करूनही आम्हांस परकेच वाटले.

‘फादर ब्राऊन’ (१९५४) मध्ये मात्र वेष जाणवत नाही. जाणवतो तो धर्मगुरूचा भोळा, सावध जिव्हाळा. त्या चित्रीकरणासाठी ते फ्रान्समध्ये होते. झगा घालून मुक्कामाकडे परतत असता एका अनोळखी मुलाने निःशंकपणे त्यांचा हात धरला. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात नोंदविला असून, त्यामुळे ख्रिस्तसभेविषयीचे त्यांचे पूर्वग्रह ढळले. १९५६ साली ते कॅथलिक झाले.

मुलाने विश्वास ठेवला तो झग्यावर. नटाने त्या विश्वासाचा मान राखला. तोच झगा नित्य घालणारे आम्ही तो किती राखतो, हे आम्हांस रोज तपासावे लागते.