होमरचे दैवतीकरण
होमरचे दैवतीकरण : फ्रेंच नव-अभिजाततावादी चित्रकार झां ओग्यूस्त दॉमीनीक अँग्र (१७८०–१८६७) याचे रेखाचित्र (१८६५). लूव्ह्‌र संग्रहालय, पॅरिस. त्याचे मूळ अँग्रच्याच १८२७ मधील भव्य तैलचित्रात आहे. हे तैलचित्र लूव्ह्‌रमधील एका दालनाच्या छतासाठी केलेले होते. पुढे तेथे त्याची प्रतिकृती बसविण्यात आली.

तैलचित्रात आयोनिक मंदिरासमोर अंध होमर सिंहासनाधिष्ठित असून विजयदेवता त्याला मुकुट घालीत आहे. पायाशी इलिअड व ओडिसी या स्त्रीरूपात बसल्या आहेत : पहिलीपाशी तलवार, दुसरीपाशी वल्हे. पिंडर वीणा, तर फिडीयस हातोडा अर्पण करतो. राफाएलला प्राचीन चित्रकार अपेलीझ हात धरून आणतो. मॉल्येर, रासीन इ. आधुनिक मात्र खालच्या पायऱ्यांवर असून चित्रचौकटीने त्यांची शरीरे अर्धवट कापली आहेत. कोपऱ्यात शेक्सपिअरही दिसतो.

या रचनेवरून कोरीवचित्र व्हावे, या हेतूने अँग्रने १८४० च्या सुमारास रेखाचित्राचा विचार सुरू केला. ते पूर्ण झाले तेव्हा तो पंच्याऐंशीच्या घरात होता. आकृत्या वाढल्या, पण शेक्सपिअर वगळला गेला. नाटकाच्या अभिजात नियमांना न जुमानणारा आणि स्वच्छंदतावाद्यांनी आराध्य मानलेला हा नाटककार वृद्ध चित्रकाराला आता कोपऱ्यातही नकोसा झाला असावा. १८२७ च्याच प्रदर्शनात दलाक्र्वाचे सार्डनापालसचा मृत्यू हे चित्र होते. त्या वादाचा शेवटचा शब्द जणू येथे उच्चारलेला आहे.

रेषा हेच कलेचे सत्त्व, ही अँग्रची धारणा येथे पूर्णत्वास गेलेली दिसते. छतावरील चित्रात रंग काहीसे कोरडे व आकृत्या पुतळ्यांसारख्या ताठर वाटतात. कागदावर मात्र तोच ताठरपणा प्राचीन उत्थित शिल्पाच्या शिस्तीसारखा भासतो. आर्किलेअसचे याच विषयावरील ग्रीक उत्थित शिल्प (ब्रिटिश म्यूझीयम) त्याचे पूर्वज होय. गर्दी मात्र वाढली आहे आणि कित्येक चेहरे केवळ हजेरी लावल्यासारखे उभे आहेत.

वेगवेगळ्या शतकांतील माणसे एकत्र आणण्याची कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. विठ्ठलाभोवती ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा व तुकाराम एकत्र दाखविणारी चित्रे घरोघरी आढळतात. त्या मेळ्यात प्रवेशासाठी भक्ती पुरते. अँग्रच्या मंदिरात प्रत्येकाची परीक्षा घेतली जाते आणि परीक्षक होमर नसून स्वतः चित्रकार आहे.