टोपी सुंदर आहे, हाच तर प्रश्न आहे

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी अधिकाऱ्याची टोपी ही जगभरच्या संग्राहकांची लाडकी वस्तू. मी गागोदे बुद्रुकमध्ये बसून मोबाइलवर अशा टोप्यांचे फोटो बघतो, आणि खोटं कशाला बोलू, टोपी देखणी असते. पुढून उंच, मागे उतरती. कपाळावर काळी, चकचकीत कड. गोफ चंदेरी असेल तर अधिकारी, सोनेरी असेल तर जनरल. पायपिंग पांढरी म्हणजे पायदळ, लाल म्हणजे तोफखाना, गुलाबी म्हणजे रणगाडे.

फोटोखालचं वर्णन मात्र मला खटकतं. शिवण कशी, अस्तर कसं, कसर लागलीय का, सगळं तपशिलात. आतल्या कातडी पट्टीवर घामाचा डाग असेल तर तो अस्सलपणाची खूण. घाम कुणाचा, तो माणूस कुठे होता, त्याने काय हुकूम दिले, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. डोकं वजा केलं की टोपी निष्पाप होते.

यातली प्रत्येक टोपी सारखी नाही, हेही सांगायला हवं. टोकदार शिखराचं कातडी शिरस्त्राण प्रशियाने १८४२मध्ये आणलं. खंदकांच्या लढाईत ते कुचकामी ठरलं आणि १९१६पासून त्याच्या जागी पोलादी हेल्मेट आलं. ते साम्राज्याच्या मिजाशीचं चिन्ह. स्वस्तिक धरलेल्या गरुडाची टोपी त्याहून वेगळी: तिच्यामागे लाखो ज्यूंची ठरवून केलेली कत्तल आहे. बाजारात दोन्ही ‘जर्मन मिलिटरी’ या एकाच कप्प्यात बसतात.

‘हे युरोपचं दुखणं, आपला काय संबंध?’ असं तुम्ही म्हणाल. मग जरा आमचा रायगड बघा. पेण-रोह्याकडे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यानपिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांचीही आडनावं. ज्या विचाराची ती टोपी, त्याच्या लेखी आमचे हे शेजारीसुद्धा जगायला नालायक होते.

याच जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत जर्मन मशिनगनवर एकटे चालून गेले. तुकडीतले बाकी सगळे पडले होते. त्यांनी मोर्चा घेतला आणि तिथेच ते मारले गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे. समोरच्या सैन्यातले अधिकारी याच टोप्या घालत होते.

आणि याच जिल्ह्यात, खारघरला, २००६मध्ये हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर नाव बदललं. तिथेही तेच झालं होतं: इतिहास गळून गेला, उरली फक्त स्टाइल.

संग्राहक म्हणतात, आम्ही इतिहास जपतो. मला हे मान्य आहे. जाळून टाकलेल्या वस्तू काही शिकवत नाहीत. जर्मनीतही नाझी चिन्हं उघड मिरवायला बंदी आहे, पण संशोधन, शिक्षण, कला यांना सूट आहे. म्हणजे प्रश्न टोपी ठेवण्याचा नाही, ती कशी दाखवता याचा आहे. काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्याखाली, नुसत्या किमतीच्या चिठ्ठीसह ठेवली तर टोपी तिचं मूळ कामच पुन्हा करते: बघणाऱ्याला दिपवते. ती घडवलीच त्यासाठी होती. हुकूम देणाऱ्याचा चेहरा सावलीत राहावा आणि त्याचा हुद्दा लखलखावा.

गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. १९५१पासून ते पायी हिंडून लोकांकडे जमीन मागत राहिले, आणि लोक देत राहिले. त्यांच्या शब्दाला वजन यायला गोफ लागला नाही, गरुड लागला नाही. ही तुलना मी मुद्दाम करतो, कारण टोपीचं खरं समीक्षण तिच्या शिवणीवरून होत नाही. ती घातल्यावर माणूस इतरांकडून काय करून घेऊ शकला, यावरून होतं.

या बाजारात नकली माल भरपूर. मराठीत फसवण्याला ‘टोपी घालणं’ म्हणतात ते उगाच नाही. पण अस्सल टोपीही आपल्याला टोपी घालू शकते. रील बघताना ‘काय भारी लूक!’ असं मनात आलं, तर थांबून एवढंच विचारा: या टोपीसमोर उभं राहायची वेळ कुणावर आली होती?