योगाची फलश्रुती : शांती की साम्य?

योगाभ्यासाचे फळ म्हणजे मनःशांती, हे समीकरण आज इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा दिवस योगदिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला, तेव्हापासून तर या समीकरणास एक प्रकारची राजमान्यताच लाभली. त्या उपक्रमाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रश्न मर्यादित आहे व तो वाङ्मयीन आहे. योगविचार मराठीत आला तेव्हा त्याच्या फलासाठी मराठीने कोणता शब्द निवडला आणि त्या शब्दात काय साठविले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करावयास हवी. पातंजल योगसूत्रांत, म्हणजे १९५ (काही पाठांत १९६) सूत्रांच्या त्या ग्रंथात, 'शांती' हे नाम फलाच्या अर्थाने कोठेही येत नाही. 'शांत' हे विशेषण येते, परंतु विभूतिपादात त्याचा अर्थ 'निवालेला, मावळून गेलेला' असा पारिभाषिक आहे. मावळलेला प्रत्यय आणि उदय पावलेला प्रत्यय हे सारखेच असणे, यास सूत्रकार चित्ताचा एकाग्रतापरिणाम म्हणतात. याच्या थोडे आधी 'प्रशांतवाहिता' हा शब्द आहे. तोही स्थैर्याचा नसून प्रवाहाचा वाचक आहे. निरोधाच्या संस्कारामुळे चित्ताचे वाहणे निवळते, थांबत नाही. समाधिपादात येतो तो शब्द 'प्रसाद', म्हणजे पाण्याचा गाळ खाली बसल्यावर येते तसली स्वच्छता. आपण ज्यास मनःशांती म्हणतो त्या सुखद अवस्थेशी यांपैकी एकही शब्द तंतोतंत जुळत नाही. पतंजलींचे अंतिम पद कैवल्य हे आहे आणि ते सुखाच्या भाषेत सांगितलेलेच नाही.

शांती हा शब्द योगाशी जोडला तो गीतेने. दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस, चौथ्यात, पाचव्यात, सहाव्यात आणि पुढे अठराव्यातही तो वारंवार भेटतो. परंतु याच गीतेने योगाची व्याख्या करताना मात्र शांतीचा आधार घेतलेला नाही. तेथे समत्व आहे, कौशल आहे, दुःखसंयोगाचा वियोग आहे. सहाव्या अध्यायात अर्जुन आपली शंका मांडतो तीही 'साम्याने सांगितलेला हा योग' अशा शब्दांत. ज्याने सारा उपदेश ऐकला त्याच्या कानी 'साम्य' हा शब्द उरला, ही बाब भाष्यकारांनी दिली त्याहून अधिक लक्ष देण्याजोगी आहे.

आता ज्ञानेश्वरीकडे वळू. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या या ग्रंथाचा सहावा अध्याय हा मराठीतील योगवाङ्मयाचा पहिला मोठा टप्पा होय. मराठी भाषेविषयीची ज्ञानदेवांची प्रसिद्ध प्रतिज्ञा, अमृतासही पैजेने जिंकण्याची, याच अध्यायाच्या आरंभी आहे. हा योगायोग मानण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही. देहाच्या आत घडणाऱ्या, ज्यास तोवर मराठीत शब्दच नव्हते अशा गोष्टी सांगावयाच्या होत्या. प्रतिज्ञेचे प्रयोजन तेथेच सर्वाधिक होते.

गीतेने आसनासाठी 'शुचि देश' एवढेच म्हटले आहे. ज्ञानदेव त्या दोन शब्दांवर थांबत नाहीत. ते एक स्थळ उभे करतात: तेथे पाखंड्यालाही तपाची इच्छा व्हावी, आणि विलासी पुरुषाने ते स्थळ पाहताक्षणीच राज्य सोडून तेथेच राहावे असे म्हणावे. म्हणजे वैराग्याचे स्थळ त्यांनी सुंदर केले आहे. त्यानंतर आसन, तीन बंध, कुंडलिनीची जागृती, देहातील धातूंचा तिने घेतलेला घास, जुन्या देहाच्या जागी आलेली नवी कांती आणि शेवटी पिंडाचे पिंडातच विरून जाणे, असा तो विलक्षण प्रवास आहे. मूळ श्लोकांत यांतील बहुतेक काहीही नाही. हे नाथसंप्रदायाचे गुह्य आहे आणि गहिनीनाथ व निवृत्तीनाथ यांच्याकडून आलेला तो वारसा ज्ञानदेवांनी गीतेच्या पदरात घातला आहे.

आधुनिक विवेचकांची या प्रकरणी जी अडचण होते ती मोठी उद्बोधक आहे. कोणी हा भाग शरीरशास्त्राच्या परिभाषेत बसवू पाहतो, कोणी तो निव्वळ रूपक ठरवितो, कोणी आदराने नमस्कार करून पुढे जातो. (तिसरा मार्ग व्यासपीठावर विशेष सोयीचा पडतो.) परंतु या वर्णनाचा रस कोणता, हा साधा वाङ्मयीन प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्ञानदेवांनी अकराव्या अध्यायाच्या आरंभी शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला असे म्हटले आहे. सहाव्यातील कुंडलिनीप्रकरणासही ते पूर्णपणे लागू पडते: नागिणीचे कुंकवाने न्हालेले पिलू, तिची ती भूक, देहाचे ते नवे होणे, हा सारा अद्भुतच आहे. मात्र घर शांताचे आहे. आणि शांतरसाचा स्थायी भाव केवळ निर्वेद नसून तत्त्वज्ञान, आत्मज्ञान होय, ही अभिनवगुप्ताची भूमिका ध्यानी घेतली म्हणजे हे घर कसले ते कळते. तेथे मन निवले आहे ते काही न जाणल्यामुळे नव्हे, तर जाणल्यामुळे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे सर्व ऐकून अर्जुन विचारतो की हा मार्ग कोणासही साधेल की त्यास काही विशेष योग्यता लागते? श्रीकृष्णाचे उत्तर ज्ञानदेवांनी स्वतःच्या पदरचे घातले आहे. त्याचा आशय असा की योग्यता ही कोठल्या खाणीतून काढून आणावयाची वस्तू नव्हे; ती प्राप्तीच्या अधीन आहे. जो थोडासा विरक्त झाला आणि देहधर्मात नियमित राहिला तोच अधिकारी. तेराव्या शतकाच्या अखेरीस, अधिकारभेदाने जखडलेल्या समाजात, ज्यांना स्वतःला समाजाने बाहेर ठेविले होते अशा संन्याशाच्या मुलाने हे लिहिले आहे. योगाचे दार त्यांनी उघडले, पण ते शांतीचे आमिष दाखवून नव्हे. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच पाहणारा तो परमयोगी, या श्लोकावर येताच साम्यापलीकडे जगात दुसरी प्राप्ती नाही, असा निर्वाळा ते देतात. कुंडलिनीचा एवढा अद्भुत प्रवास सांगूनही अध्यायाचा कळस त्यांनी तेथे न ठेवता येथे ठेवला आहे.

विसाव्या शतकातील मराठी विवेचकांपैकी लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) पातंजल योगास बुद्धी सम करण्याचे साधन म्हणून दुय्यम स्थान दिले आणि गीतेतील योग म्हणजे कर्मयोग असे प्रतिपादिले. समत्वावर त्यांनी बोट ठेवले ते अचूक होते; पण साधन म्हणून एकदा बाजूला काढल्यावर सहाव्या अध्यायाचे स्वतंत्र सौंदर्य त्यांच्या हाती उरले नाही. कृ. के. कोल्हटकरांनी योगदर्शनाच्या आपल्या सविवरण ग्रंथास 'भारतीय मानसशास्त्र' असे नाव दिले. हा ग्रंथ मराठीच्या अभिमानाचा विषय आहे, यात शंका नाही. तथापि त्या नामकरणाने योग हा प्रत्येकाच्या चित्तापुरता विषय झाला, आणि आजच्या समीकरणाची वाट थोडीशी तेथूनच निघाली असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

विनोबांची रीत निराळी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या प्रवचनांत सहाव्या अध्यायाचे सार त्यांनी चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी या तिहींत आणले. परिमितता हा शब्द ज्ञानदेवांच्या 'देहधर्मात नियमित' या अधिकाऱ्याचाच आधुनिक अवतार होय. एकाग्रता समदृष्टीवाचून होणार नाही, ही त्यांची मांडणी या लेखातील प्रश्नाच्या अगदी जवळ येते. कुंडलिनीचे मात्र ते नावही फारसे काढीत नाहीत. तुरुंगातील श्रोत्यांसमोर ते स्वाभाविक होते. अभ्यासकाला मात्र ती उणीव भासते.

हा वाद केवळ पोथीतला नाही, हे नागपुरात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. रामनगरात जनार्दनस्वामींच्या नावाचे योगाभ्यासी मंडळ विनामूल्य योगशिक्षण देत आले आहे. स्वामींच्या पुस्तकाचे नाव 'सुलभ सांघिक आसने' असे आहे. त्यातील 'सांघिक' हा शब्द पतंजलींना चकित करणारा ठरला असता. एकांतात बसावयाचा योग येथे रांगेने, एकमेकांच्या शेजारी करावयाचा झाला. तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त (१९५५) आणि सामुदायिक प्रार्थनेत हेच वळण भक्तीच्या अंगाने घेतले. या विद्यापीठास २००५ पासून त्यांचेच नाव आहे. या दोन्ही प्रयत्नांचे मोल मान्य करूनही असे विचारता येते की एकत्र बसण्याने साम्य येते काय?

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे विचारला गेला तोही याच शहरात, तेथून थोड्याच अंतरावर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेणाऱ्या लक्षावधी माणसांना मनःशांती नको होती असे नव्हे. साम्य नसताना मिळणारी शांती त्यांना नको होती. डॉ. आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थ गृहत्याग करतो तो शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यामुळे. पुढे आळार कालाम व उद्दक रामपुत्त यांच्याकडे तो ध्यानमार्ग शिकतो, त्यात प्रावीण्य मिळवितो, पण तेथे थांबत नाही. ध्यान खोटे आहे असे ग्रंथकाराने म्हटलेले नाही. जो तंटा घेऊन तो घराबाहेर पडला त्याचे उत्तर त्यात नव्हते. योगाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत या प्रकरणाचा विचार व्हावयास हवा होता.

योगपरंपरेजवळ या आक्षेपास काही उत्तर आहे काय? आहे, आणि ते सूत्रांतच आहे. चित्तप्रसादाचा उपाय म्हणून पतंजली मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावना सांगतात. बौद्धांचे चार ब्रह्मविहार ते हेच. दोन्ही परंपरांची ही सामाईक जमीन आहे. सूत्रात या चौघींचे विषयही दिले आहेत: सुखी माणूस, दुःखी माणूस, पुण्यवान माणूस, अपुण्यवान माणूस. म्हणजे चित्त निवळावयाचे ते दुसऱ्या माणसाशी असलेल्या संबंधातून. एकट्याने डोळे मिटून नव्हे. अडचण चौथीपाशी आहे. बौद्धांची उपेक्षा ही सर्व प्राण्यांविषयीची समवृत्ती आहे. सूत्रातील उपेक्षा मात्र अपुण्यवानांपुरती, काणाडोळा करणारी. अन्याय करणाऱ्याकडे काणाडोळा करून निवळलेले चित्त घेऊन काय करावयाचे, असा आक्षेप येथे रास्तपणे घेता येतो. पण विभूतिपादात मैत्री इत्यादींवर संयम केल्याने बळे प्राप्त होतात, असे सूत्र आले असता व्यासभाष्य तेथे तीनच बळे मोजते. उपेक्षा ही भावना नव्हे, म्हणून तिच्यावर समाधी होत नाही, आणि म्हणून तिच्यापासून बळ मिळत नाही, असे भाष्यकाराने तेथे स्पष्ट लिहून ठेविले आहे.