ब्यर्कचा ‘र’

आइसलंडची गायिका ब्यर्क हिचा ‘पोस्ट’ हा अल्बम १९९५ सालचा. मायदेश सोडून ती लंडनला राहायला आली, त्या दिवसांतला. एका गाण्यात कारखान्यासारखा यंत्रांचा ठोका, दुसऱ्यात व्हायोलिने, तिसरे तर बेटी हटनने १९५१ साली गायिलेले बँडचे गाणे! ही खिचडी केव्हाच बिघडली असती. पण कुजबुजीतून एकदम किंकाळीवर जाणारा तो आवाज तिला सांभाळतो. इंग्रजी गातानाही ब्यर्क आपल्या मातृभाषेचा थरथरता ‘र’ सोडत नाही. मी उर्दूचा मास्तर, मुलांचे तलफ्फुज दुरुस्त करणारा. माझ्या मराठीतल्या उर्दू वळणाला एका संमेलनात लोक हसले, तेव्हा मीही ओशाळून हसलो होतो. ब्यर्क तो ‘र’ मुद्दाम लांबवते.