वरात दिसते, बैठक दिसत नाही

हिंदी चित्रपटात लग्नं भरपूर. मेंदी, संगीत, वरात, बूट पळवणं, पाठवणी, सगळं साग्रसंगीत. ते लग्न ठरलं कसं, हे दाखवायला मात्र दिग्दर्शकाला तीन तासांत दहा मिनिटं सापडत नाहीत. स्थळ कोणी आणलं, पत्रिका कोणी पाहिली, देण्याघेण्यावरून बोलणी कुठे अडली? याद्यांच्या बैठकीत नुसत्या मानपानाच्या साड्यांवरून जे चालतं, त्यात एक आख्खी पटकथा निघेल. पण संस्कारांच्या नावावर तीस वर्षं गल्ला भरणाऱ्या हिंदी प्रेमपटाने त्या खोलीचं दार लोटूनच ठेवलं.

पूर्वी निदान भांडण उघड होतं. ‘बॉबी’तली (1973) पोरं घरातून पळाली. ‘एक दुजे के लिए’ (1981) आणि ‘कयामत से कयामत तक’मधली (1988) जिवानिशी गेली. घर हे प्रेमाचं वैरी होतं आणि चित्रपट पोरांच्या बाजूने उभा होता. मग लागोपाठ दोन वर्षांत ‘हम आपके हैं कौन’ (1994) आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (1995) आले आणि पळून जाणं बाद झालं. परदेशातला भारतीय प्रेक्षक आता डॉलर-पौंडांत तिकीट काढत होता. त्याला मुलांनी विलायतेत वाढूनही ‘आपलं’ राहायला हवं होतं. नायकाचं काम बदललं. मुलगी पहिल्या तासात पटते. पुढचे दोन तास तिच्या बापाला पटवण्यात जातात.

‘दिलवाले’ मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चालला, त्यामुळे त्यातला शेवटचा प्लॅटफॉर्म सगळ्यांना पाठ आहे. मला त्याआधीचा एक प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. लज्जो, म्हणजे सिमरनची आई, राज आणि सिमरनच्या हाती दागिने ठेवते आणि म्हणते, पळून जा. फरीदा जलालने ती बाई उभी केलीय ती घाबरलेली, पण मनाशी पक्कं ठरवून आलेली. राज ठाम नकार देतो: पळवून नेणार नाही, बाबूजींनी स्वतः हात दिला तरच नेईन. थिएटरात तेव्हा टाळ्या पडल्या. पण जरा थांबून पाहा. मुलीच्या जन्मदात्या आईने होकार दिलेला आहे, दागिन्यांसकट. तो होकार नायकाच्या हिशेबात धरलाच जात नाही. जिला आपण ‘कुटुंबाची संमती’ म्हणून डोक्यावर घेतलं, ती एका माणसाची सही होती.

‘हम आपके हैं कौन’मध्ये तर सही करणाऱ्यालाही कोणी त्रास देत नाही, कारण तिथे सगळेच गोड आहेत. माधुरीची निशा मोठ्या बहिणीच्या मृत्यूनंतर लग्नाला तयार होते. आपलं लग्न आपल्या प्रियकराशी, प्रेमशी ठरतंय, असा तिचा समज असतो. नवरा मुलगा बहिणीचा विधुर नवरा आहे, हे तिला नंतर कळतं. दिवसभर गाणारं, खेळणारं, एकमेकांच्या ताटात वाढणारं हे घर. त्यात मुलीला ‘कोणाशी’ हे स्पष्ट सांगावं, असं एकालाही सुचत नाही. शेवटी चिठ्ठी भलत्या हाती देऊन टफी कुत्राच गुंता सोडवतो. त्या घरातला सगळ्यात समजूतदार सदस्य तोच, हे मी अजिबात गमतीने म्हणत नाही.

ठरवून केलेल्या लग्नाचं खरं चित्रण हिंदीत नाहीच, असं नाही. बासू चटर्जींचा ‘पिया का घर’ (1972) पाहा. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’वरून (1970) घेतलेला. लग्न ठरवून झालंय, नवराबायको एकमेकांना आवडतातही. चाळीत एकांताला जागा नाही, एवढीच अडचण. परंपरेवर एकही भाषण नाही आणि कुटुंब मात्र खरं. त्यात नवी सून झालेली जया भादुरी करण जोहरच्या 2001 च्या ‘कभी खुशी कभी गम’मध्ये नवऱ्यापुढे वर्षानुवर्षं गप्प बसणारी आई होते आणि शेवटी एकदाची बोलते. ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’त (2023) तीच घराला धाकात ठेवणारी आजी. करण जोहरने आपल्याच जुन्या हवेलीला लावलेली ही चपराक मला आवडली, हवेली तितकीच चकचकीत असली तरी. ‘दम लगा के हईशा’ (2015) याहून धीट. हरिद्वारच्या त्या घरात शिकलेली सून हवी ती पगारासाठी, हे लपवलेलं नाही. आणि नवऱ्याने चारचौघांत अपमान केल्यावर सून त्याला थोबाडते.

जातीपाशी मात्र हिंदी सिनेमाचा हात थरथरतो. ‘सैराट’चा (2016) ‘धडक’ (2018) झाला तेव्हा करमाळ्याचं उदयपूर झालं, कपडे भारी झाले आणि कथा जिच्यावर उभी होती ती जात कुजबुजीत उरली. आपल्याकडे ‘स्थळ’ या शब्दातच जात गृहीत असते. तीच वगळली तर उरतो तो फक्त बँडबाजा.

त्या लोटलेल्या दाराआड काय चालतं, ते जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ या चित्रपटात दाखवलं. चंद्रपूर जिल्ह्यातलं त्यांचं स्वतःचं डोंगरगाव, गावातलीच माणसं. सुरुवातीला बायका मिळून एका मुलाला पाहायला बसल्यात आणि प्रश्नांची सरबत्ती चाललीय. ते नायिकेचं, सविताचं स्वप्न. पुढे दर वेळी पाटावर तीच बसते आणि नाव, शिक्षण, उंची हे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा झेलते. ती नकार पचवत असताना बापाचा कापसाचा हिशेब वेगळाच चाललेला. सिनेमा 2025 च्या मार्चमध्ये थिएटरात आला. पाहिला नसेल तर पाहा, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर तिच्या वडिलांना शेजारी बसवा.