मंद कागद आणि वास्तूचे सत्य

दक्षिणेतील वास्तुशिल्पाच्या छायाचित्रणाचा विचार करताना बंगळूरला वगळता येत नाही. कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी लिनिअस ट्राइप याने डिसेंबर १८५४ मध्ये हळेबीड व बेलूर येथील मंदिरे टिपली आणि १८५५ च्या ब्रह्मदेशप्रवासातील १२० चित्रांचे संच बंगळूरातच सिद्ध केले. त्याचे साधन कागदी निगेटिव्हचे. प्रकाशाला अतिशय मंद.

ही मंदता म्हणजे केवळ उणीव, हे मत मला ग्राह्य वाटत नाही. समोरून जाणारा माणूस अशा कागदावर उमटतच नाही. उरतो तो दगड, आणि त्यावर सावकाश साचलेले ऊन. होयसळांच्या खोल कोरीवकामाला याहून समजूतदार वाचक क्वचितच लाभला असेल.

मात्र हाच कागद निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने आकाश कोरे राही. तेथे ट्राइपने निगेटिव्हवर रंग लावून हाताने ढग काढले, झाडांची पालवीही सुधारली. मग हा पुरावा म्हणावा की चित्र? तंजावरच्या बृहदीश्वराच्या अधिष्ठानावरील शिलालेख सलग दिसावा म्हणून १८५८ मध्ये एकवीस चित्रे जोडून लांबलचक पट्टी करणाऱ्या माणसाला सत्याची चाड नव्हती, असे म्हणवत नाही. त्याची कुंचली मुख्यतः कागद जेथे मुका होता तेथे बोलते. आज मंद कृष्णधवल फिल्मवर इमारत टिपताना आकाश गडद व्हावे म्हणून नारिंगी फिल्टर लावणाऱ्यास आपण लबाड म्हणत नाही. त्याची कुंचली भिंगापुढे असते, इतकेच.