अकरा महिन्यांचा प्रेक्षक

दिल्लीत पथनाट्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: पैसा आटला की कला लोकांकडे वळते. वाक्य गोड आहे, पण निम्मंच खरं आहे. मुनिरका गावात त्याचा खोटा भाग रोज दिसतो. इथं तंगी मुबलक आहे, नाटक करणारी पोरंही मुबलक आहेत, आणि तरी या गल्ल्यांचं स्वतःचं असं नाटक नाही.

मुनिरका हे टोकस जाटांचं शेतीचं गाव. जमिनी जेएनयू, रामकृष्णपुरम, वसंत विहार यांच्या पोटात गेल्या, उरला तो लाल डोऱ्यातला गावठाणाचा तुकडा. त्यावर चार-पाच मजली इमारती इतक्या खेटून उभ्या राहिल्या की समोरच्याच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. वसतिगृहात जागा न मिळालेले विद्यार्थी, ईशान्येकडून आलेली मुलं-मुली, खासगी नोकरदार असे सगळे इथं भाड्यानं राहतात. 2019 च्या ऑक्टोबरात जेएनयूनं वसतिगृहाचं भाडं दोघांच्या खोलीला 10 वरून 300 आणि एकट्याच्या खोलीला 20 वरून 600 रुपये करायचं ठरवलं, तेव्हा कॅम्पस पेटलं. गाणी झाली, डफ वाजले, पोस्टरं लागली. इथल्या गल्ल्यांत मात्र त्याचा पडसाद उमटला तो हिशेबात: एका खोलीत दोनाऐवजी तिघं, तिघांत एक सिलिंडर, स्वयंपाकाच्या पाळ्या. सहकार आहे, पण तो भांड्यांपुरता. त्यातून नाटक का उगवत नाही, हा या लेखाचा प्रश्न.

याच शहरात ते एकदा उगवलं होतं. जन नाट्य मंच, म्हणजे ‘जनम’, 1973 सालचा. सुरुवातीला ही मंडळी मोठी नाटकं करायची: मंच, प्रकाशयोजना, लवाजमा, आणि त्यांना बोलावणाऱ्या कामगार संघटना. आणीबाणी उठली तोवर संघटनांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. मोठं नाटक परवडत नाही, मग छोटं करा, इतका रोकडा तो निर्णय होता. 1978 च्या ऑक्टोबरात ‘मशीन’ आलं. त्यामागे खरी घटना होती: गाझियाबादच्या हेरिग इंडिया कारखान्यातले कामगार सायकल स्टँड आणि कँटीन मागत होते, गोळीबार झाला आणि सहा कामगार मेले. नाटक जेमतेम तेरा मिनिटांचं. नेपथ्य नाही, नटांच्या शरीरांतूनच यंत्र उभं राहायचं आणि मधेच बंद पडायचं. लेखन सफदर हाश्मी आणि राकेश सक्सेना यांचं, पण घडण सगळ्या गटाची. पुढच्या वर्षी दिल्लीत बसभाडं वाढलं, तर ‘डीटीसी की धांधली’ तडकाफडकी उभं राहिलं. प्रयोग संपला की चादर फिरायची, पडतील ते पैसे.

‘मशीन’चं यश टंचाईच्या खात्यावर लिहिण्याची घाई होते. टंचाईनं लांबी ठरवली, नेपथ्य काढून टाकलं, एवढं खरं. प्रेक्षक मात्र टंचाईनं आणला नाही. तो संघटनेनं आणला, आणि तोच प्रेक्षक पुन्हा पुन्हा आला. 1988 च्या नोव्हेंबरात दिल्ली परिसरातल्या कारखान्यांत सात दिवसांचा संप झाला. त्याच्या तयारीसाठी केलेलं ‘चक्का जाम’ पुढं बदलत ‘हल्ला बोल’ झालं, कारण बघणारे तेच होते आणि त्यांची परिस्थिती बदलली होती. 1 जानेवारी 1989 ला साहिबाबादजवळच्या झंडापूरला त्या प्रयोगावर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार आणि दुसऱ्या दिवशी सफदर गेले. 4 जानेवारीला सफदर यांच्या पत्नी मोलोयश्री हाश्मींनी गटासह तिथंच नाटक पुरं केलं. शोकाच्या भरात हे धैर्य म्हणून सांगितलं जातं, आणि ते धैर्य होतंच. पण ज्या वस्तीत नाटक तुटलं तिथंच ते पुरं करायला वस्ती ओळखीची लागते.

याची उलटी बाजू आपल्या मुंबईच्या गिरणगावात आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संकट त्याहून मोठं काय असणार? नवी सामूहिक कला फुलायला हवी होती. झालं उलटंच. लाल बावटा कलापथकापासून कामगार रंगभूमीपर्यंत जे पिढ्यान्‌पिढ्या साचलं होतं, तेच झिजत गेलं. लालबागचं हनुमान थिएटर बंद पडलं. चाळ विरली, भजनी मंडळं पांगली, प्रेक्षक गावाला किंवा कर्जत-कल्याणला गेला. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख ज्या मैदानांत उभे राहिले, तिथली माणसं तिथंच राहत होती, म्हणून शाहिरी टिकली. माणसं उठून गेल्यावर शाहीर कुणाला ऐकवणार?

जेएनयूचा मराठी धागा इथं आठवतो. चिनी अभ्यासाचे प्राध्यापक गो. पु. देशपांडे यांनी ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ लिहिलं तसं फुल्यांवरचं ‘सत्यशोधक’ही लिहिलं. 1992 मध्ये त्यांचे चिरंजीव सुधन्वा देशपांडे यांनी ते ‘जनम’साठी हिंदीत उभं केलं. वीस वर्षांनी पुण्यात अतुल पेठे यांनी ते महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं, अनुभवी नटांच्या जोडीनं. मला हा अलीकडच्या काळातला सर्वांत बोलका दाखला वाटतो. तिथं कामगार संघटना आधीपासून होती. नाटक तिच्यात शिरलं. हौशी सहभागाच्या दहा कार्यशाळांपेक्षा ते मोलाचं.

आजच्या दिल्लीत पथनाट्य मेलेलं नाही. ते स्पर्धेत राहतं. दिल्ली विद्यापीठाच्या जवळपास प्रत्येक कॉलेजात गट आहे. एकाच रंगाचे कुर्ते, डफ, गोल रिंगण, एका सुरात ओरडलेली घोषणा, मग मानवी मनोरा. मुलं कमालीची कसलेली असतात, हे कबूल केलं पाहिजे. पण विषय आत्महत्येचा असो की कचरा वर्गीकरणाचा, आकृतिबंध तोच. ‘मशीन’मधला मालक आणि पहारेकरी ठोकळेबाज होते, हा दोष तेव्हाही होता, आता ठोकळाच शिल्लक आहे. उरलेली नाटकं मॉलच्या आवारात प्रायोजकांच्या फलकाखाली होतात. चादर फिरत नाही, धनादेश येतो. चादरीत कमी पैसे पडले की नाटक फसलं हे त्याच संध्याकाळी कळायचं. ती तपासणी गेली.

उलट 2020 च्या नोव्हेंबरअखेरीस दिल्लीच्या वेशीवर सिंघू-टिकरीला शेतकरी आंदोलनाला बसले, तेव्हा काही आठवड्यांत ‘ट्रॉली टाइम्स’ हे चार पानी पत्र निघालं, पंजाबी आणि हिंदीत. ट्रॉल्यांत वाचनालयं झाली. कलेच्या दृष्टीनं सगळंच थोर नव्हतं; पण तिथं लिहिणारा आणि वाचणारा महिनोन्‌महिने एकाच रस्त्यावर झोपत होता, आणि मागे शेतकरी संघटनांचं जाळं होतं.

मुनिरकाचं दुखणं म्हणूनच गरिबीचं नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. ओळख होईतो शेजारी बदलतो. घरमालक इथला, भाडेकरू बाहेरचा, दोघांची सभा कधी होत नाही. अशा ठिकाणी पथनाट्य येऊन जातं, राहत नाही. ते राहावं असं वाटत असेल तर स्पर्धा भरवणाऱ्या कॉलेजांनी पुढच्या हंगामापासून एक अट घालावी: एकाच वस्तीत, एकाच कोपऱ्यावर, पाच वेगवेगळ्या महिन्यांत पाच प्रयोग केलेल्या गटालाच प्रवेश, आणि प्रत्येक प्रयोगाची चादर फिरलेली असली पाहिजे. प्रवेशिका कमी येतील. येऊ देत.